आईच्या नावाचं झाड आणि त्याची मुळं

दर जूनमध्ये, इकडे शाळांना सुट्ट्या लागायच्या सुमाराला आणि तिकडे मृग कोरडा जातोय की काय अशी चर्चा चालू असताना, आपल्या मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लिंक येते. इतके युरो भरा, सह्याद्रीत तुमच्या आईच्या, आजोबांच्या, नुकत्याच जन्मलेल्या भाचीच्या नावाने एक झाड लावू. सोबत प्रमाणपत्र, खड्ड्याशेजारच्या रोपाचा फोटो, आणि हल्ली अक्षांश-रेखांशसुद्धा. तुम्ही ते पैसे भरता. गेल्या वर्षी भरले असतील, यंदाही भराल. माझं म्हणणं सरळ आहे: भरू नका. निदान या पद्धतीने, या कागदाच्या बदल्यात भरू नका.

झाडं लावण्याविरुद्ध बोलणारी ही कोण, असं तुमच्या मनात आलं असेल. एका कार्यक्रमात हे बोलले तेव्हा एका काकांनी मला समजावलं, ‘‘तुम्ही फार निगेटिव्ह बोलता, अहो काहीतरी होतंय ना?’’ त्या ‘काहीतरी’बद्दलच हा लेख आहे. माझं काम कोवळ्या झाडांचं वजन करण्याचं आहे. डोंगरउतारावरची दोन-चार-आठ वर्षांची रोपं मुळांसकट खणून काढायची, पानं, खोड आणि मुळं वेगळी करायची, भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवायची आणि तराजूवर ठेवायची. झाडाने वर्षभर कमावलेलं कुठे खर्च केलं, याचा हा जमाखर्च. खोड आणि पानांचं काम एका दुपारी आटोपतं. मुळांना दिवस लागतात, पाठ जाते, आणि बारीक मुळांचा चाळणीत चिखल होतो. म्हणूनच बहुतेक लोक मुळं मोजत नाहीत, आणि माझं भांडण तिथूनच सुरू होतं.

रोपाकडे कमाई मर्यादित असते. ती पानांत घातली तर उजेड जास्त मिळतो, खोडात घातली तर शेजाऱ्याच्या डोक्यावरून मान बाहेर काढता येते, मुळांत घातली तर पाणी आणि क्षार. डच शास्त्रज्ञ ब्राउवर यांनी १९६२ मध्ये मांडलेली कल्पना आजही या विषयाचा पाया आहे: ज्या गोष्टीची टंचाई, ती मिळवणाऱ्या अवयवावर झाड जास्त खर्च करतं. दाट सावलीतलं रोप पानं आणि उंची वाढवतं, कोरड्या किंवा निकस जमिनीतलं रोप मुळं वाढवतं. हेंड्रिक पोर्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये जगभरच्या प्रयोगांची आकडेवारी एकत्र करून हेच चित्र मोठ्या प्रमाणावर तपासलं. ते ढोबळमानाने टिकलं. शिवाय लहानपणी मुळांचा वाटा मोठा असतो आणि झाड वाढेल तसा खोडाचा वाटा वाढत जातो, हेही दिसलं.

आता हे सह्याद्रीत नेऊन बघा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. इथे डून लेरीत तो साडेसातशेच्या आसपास. आकडे ऐकून कुणालाही वाटेल की टंचाई इथे असणार. पण इथला पाऊस बारा महिने थोडाथोडा पडतो आणि तिथला चार महिन्यांत कोसळून थांबतो. ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं की उतारावरची वीतभर माती बघता बघता तापते, आणि पुढचे सात-आठ महिने रोपाने प्यायचं काय, तर कातळाच्या भेगांत मुरलेलं पाणी. तिथपर्यंत मूळ पोचलं असेल तर रोप जगेल. म्हणजे जुलैत रुजलेल्या रोपाला चार महिन्यांची मुदत असते आणि त्या मुदतीत त्याने काय करायचं हे ठरलेलं असतं: वर फारसं काही दाखवायचं नाही, खाली जायचं.

याची टोकाची उदाहरणं आपल्याच देशातल्या जुन्या वनशास्त्राच्या पुस्तकांत आहेत. ट्रूप यांचा भारतीय वृक्षांवरचा ग्रंथ १९२१ चा. त्यात सालाच्या रोपांचं वर्णन आहे: दर वर्षी वरचा कोंब सुकून जातो, जमिनीखालचं मूळ मात्र जाड होत राहतं. असं वर्षानुवर्षं चालतं. मग एका पावसाळ्यात पुरेशी शिदोरी जमली की कोंब सरळ वर निघतो आणि पुन्हा सुकत नाही. साल आपल्या सह्याद्रीचा नाही, पण तेंदू आणि साग यांच्या रोपांतही हा स्वभाव आहे. अशा रोपाचा तिसऱ्या वर्षी फोटो काढला तर काय दिसेल? एक वाळकी काडी. प्रमाणपत्रावर छापायच्या लायकीचं काही नाही. आणि जमिनीखाली गाजराएवढं जाड मूळ.

फोटोला मात्र उंच आणि हिरवं झाड लागतं. म्हणून लावली जाणारी झाडंही तशीच निवडली गेली. पुण्याच्या टेकड्यांवरची उंदीरमारी, म्हणजे ग्लिरिसिडिया, कोकणातल्या रस्त्यांकडेचा आणि उतारांवरचा ऑस्ट्रेलियन बाभूळ. दोन्ही भराभर वाढतात, गुरं फारशी तोंड लावत नाहीत, आणि पाच वर्षांत टेकडी हिरवी दिसते. याउलट अंजनी, जांभूळ, हिरडा, पिसा ही घाटमाथ्यावरची मंडळी सावकाश चालणारी. अंजनीचं लाकूड इतकं घट्ट की मनगटाएवढ्या खोडातही भरपूर वजन असतं आणि मनगटाएवढं व्हायलाच तिला कित्येक वर्षं लागतात. उंची हे वजनाचं माप नाही, हे एवढं एक वाक्य देणग्या मागणाऱ्यांनी आपल्या कार्यालयात लावावं. आम्ही रोपाचं वजन न उपटता काढतो तेव्हा उंचीपेक्षा जमिनीलगतच्या खोडाच्या जाडीवर भरवसा ठेवतो. जाडी दुप्पट झाली तर वजन साधारण पाच-सहा पट होतं. तुम्हाला आलेल्या फोटोत खोडाची जाडी दिसते का, एकदा बघा.

पिशवीबद्दलही बोलायला हवं. काळ्या पॉलिथिनच्या पिशवीत रोपवाटिकेत वर्ष-दीड वर्ष राहिलेल्या रोपाचं मुख्य मूळ तळाला लागतं, वळतं आणि गोल फिरायला लागतं. वर रोप दिमाखदार असतं, कारण रोज पाणी मिळालंय, म्हणजे मुळांवर खर्च करायचं कारणच पडलेलं नाही. पानं खूप, मुळं कमी आणि तीही गुंडाळलेली, अशा अवस्थेत ते उतारावरच्या खड्ड्यात जातं. पाऊस थांबला की एवढ्या पानांना पाणी पुरवायला खाली कोणी नसतं. शेजारी आपोआप उगवलेलं चार पानांचं रोप मार्चमध्ये जिवंत असतं आणि आपलं कमरेएवढं रोप गेलेलं असतं. खड्ड्याजवळ पाटी मात्र राहते.

आता तुमच्या विमानाच्या हिशेबाकडे येऊ, कारण हल्ली लिंकखाली तेही लिहिलेलं असतं: भारतभेटीचा कार्बन फेडा. ‘एक झाड वर्षाला वीस-बावीस किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं’ हा आकडा सगळीकडे फिरतो. तो वाढलेल्या, चांगल्या जमिनीतल्या झाडाला लागू पडेल. कोरड्या उतारावर पाच वर्षं जगलेल्या रोपाचं मुळांसकट वाळलेलं वजन समजा दोन किलो भरलं. त्यात कार्बन साधारण ४७ टक्के, म्हणजे ९४० ग्रॅम. त्याला ४४ भागिले १२ ने गुणा: सुमारे साडेतीन किलो कार्बन डायऑक्साइड. हे वर्षाचे नव्हेत, पाच वर्षांचे एकूण. डब्लिनहून मुंबईला जाऊन-येऊन माणशी एक टनाहून जास्तच उत्सर्जन होतं. एक टन जरी धरलं तरी २९० रोपं लागतील, आणि ती सगळीच्या सगळी पाच वर्षं जगायला हवीत. चौघांचं कुटुंब दोन वर्षांनी एकदा जातं असं धरून पुढचा गुणाकार तुम्हीच करा. झाडं कार्बन साठवत नाहीत असं मी म्हणत नाहीये. ती साठवतात, पण दशकांच्या हिशेबाने, आणि जगली तर.

संख्येचं हे वेड नवं नाही आणि फक्त देणगीवाल्यांचंही नाही. वनमहोत्सव १९५० मध्ये कन्हैयालाल मुन्शींनी सुरू केला. महाराष्ट्र सरकारने २०१६ च्या १ जुलैला दोन कोटी झाडांचा संकल्प सोडला, २०१७ ला चार कोटी, २०१८ ला तेरा कोटी, २०१९ ला तेहतीस कोटी. पुढच्या सरकारच्या काळात या वृक्षलागवडीची चौकशी करायला विधिमंडळाची समिती नेमावी लागली. राजकारण बाजूला ठेवा, नुसता भूगोल बघा. हेक्टरी ११०० झाडं धरली तर तेहतीस कोटी झाडांना तीन लाख हेक्टर मोकळी जमीन लागते. एका पावसाळ्यात. ती आणायची कुठून?

ती येते गवताळ उतारांतून, सड्यांवरून, गावाच्या गायरानातून. कागदावर ‘पडीक’, ‘विरळ’, ‘झुडपी’ असे शिक्के असलेल्या जमिनींतून. त्यातली कित्येक पडीक नसतात. तिथे गवळी-धनगरांची जनावरं चरतात, पावसाळ्यात सड्यावर जी फुलं येतात ती बघायला तुम्ही भारतात गेलात की कासला रांगेत उभे राहता. सड्यावर माती बोटभर असते, तिथे झाड का नाही याचं उत्तर सडा स्वतःच देतो. आणि जिथे माती आहे, तिथे बहुतेक वेळा मुळंही आहेत. सगळ्यांत जास्त राग मला याचाच येतो. मावळात आणि कोकणात राबासाठी पिढ्यान्पिढ्या ऐनाच्या फांद्या तोडल्या गेल्या, वणव्यात दर उन्हाळ्यात वरचं जळून गेलं, शेळ्यांनी कोंब खाल्ले. वरून टेकडी उघडी दिसते. पण ऐनाचा, जांभळाचा, हिरड्याचा बुंधा खाली जिवंत असतो आणि त्याची मुळं कधीकधी तुमच्या-माझ्या वयाहून जुनी असतात. उतारावर ज्या गोष्टीची सगळ्यांत टंचाई, ती भागवणारी पुंजी तिथे आधीच जमा आहे. तीन वर्षं आग आणि जनावर रोखलं तर हा खुंट फुटून डोक्यावर जातो, कारण त्याला मुळं करायची नसतात, फक्त वर यायचं असतं. पिशवीतलं कुठलंही रोप त्याची बरोबरी करू शकत नाही. आणि आपण काय करतो? तुमच्या आईच्या नावाचं झाड लावायला त्याच उतारावर जेसीबी चढवतो आणि खड्ड्यांसाठी तीच मुळं तोडतो.

इथल्या डोंगरांची गोष्ट सांगते, कारण तुमच्यापैकी जे आयर्लंडमध्ये आहेत त्यांना ती खिडकीतून दिसते. डून लेरीच्या धक्क्यावरून पाठमोरं वळून डब्लिनच्या डोंगरांकडे बघितलं की उतारावर गडद हिरवे चौकोन दिसतात, कडा पट्टीने आखल्यासारख्या. ते परदेशी सूचिपर्णी झाडांचे, आणि देशभर अशा लागवडीतलं मुख्य झाड म्हणजे सिटका स्प्रूस, मूळचं अलास्का ते कॅलिफोर्निया किनाऱ्यावरचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या देशात जंगल एक-दीड टक्का उरलं होतं, आता ते साडेअकरा टक्क्यांच्या आसपास आहे, आणि त्यात निम्म्याच्या जवळ एकट्या सिटकाचा वाटा. दोन-दोन मीटरवर एक, म्हणजे हेक्टरी अडीच हजार. चिकण, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत मुळांना खाली हवा मिळत नाही, म्हणून ती आडवी पसरतात, ताटासारखी. शेजारी दाट असल्यामुळे खोड वर-वर जातं. वजन वर, पाया उथळ. जानेवारी २०२५ मध्ये एओविन वादळ आलं तेव्हा पश्चिमेकडे अशी हजारो हेक्टर रानं एका रात्रीत आडवी झाली. मातीच्या ताटासकट उपटलेले बुंधे पाहिले की मुळांचं प्रकरण समजावून सांगावं लागत नाही.

तरी सिटकाबद्दल मला एक आदर आहे. ते पीक आहे आणि पीक म्हणूनच लावलं जातं, पस्तीस-चाळीस वर्षांनी कापायला. त्याला कोणी कुणाच्या आईचं नाव देत नाही.

प्रमाणपत्राचा खेळ मात्र इथेही झालाय. २००० साली ‘पीपल्स मिलेनियम फॉरेस्ट्स’ या उपक्रमात देशातल्या प्रत्येक घरामागे एक देशी झाड लावलं, बारा लाखांच्या आसपास, आणि प्रत्येक घराला त्याचं प्रमाणपत्र पाठवलं. मग मी तक्रार कशाची करते? फरक असा की ती ठरावीक, नावानिशी माहीत असलेली रानं होती, जुनी देशी रानं पूर्ववत करण्याच्या कामाचा तो भाग होता, आणि आज पंचवीस वर्षांनी तुम्ही तिथे चालत जाऊ शकता. कागद तिथे निमित्त होता. आपल्याकडे कागद हाच माल आहे.

आणि इथेही खरा प्रश्न लावण्याचा नाहीच. विकलोच्या ओकच्या रानात ओकची फळं पडतात, रुजतात. ओकचं रोपही पहिली वर्षं मुळांतच घालवतं. ते जरा वर आलं की हरणं शेंडा खातात. पुन्हा फुटतं, पुन्हा खातात. पॉवर्सकोर्टच्या लॉर्डने १८६० मध्ये शोभेसाठी जपानहून सिका हरणं आणली, त्यांची आणि इथल्या तांबड्या हरणांची मिसळ आज डोंगरभर आहे. त्यांना खाणारा लांडगा इथून केव्हाच संपला. म्हणून रानात म्हातारे ओक आहेत, बाळं आहेत, पण मधली पिढीच नाही. कॉर्कमधल्या बेअरा द्वीपकल्पावर ओवेन डाल्टन या गृहस्थांनी २००९ मध्ये ७३ एकरांचं शेत घेतलं आणि मुख्य काम कोणतं केलं, तर हरणं आणि रानशेळ्या बाहेर राहतील असं कुंपण. रान आपलं आपण उभं राहिलं. त्यांचं ‘अ‍ॅन आयरिश अटलांटिक रेनफॉरेस्ट’ हे २०२२ चं पुस्तक इथल्या कुठल्याही ग्रंथालयात मिळेल.

याला आपल्याकडे शब्द आहेत. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी. हिवरे बाजारने टेकड्यांवर चर खणले, झाडंही लावली, पण नंतर गावाने ठरवून शेळ्या आणि कुऱ्हाड वर जाऊ दिली नाही, आणि गवत कापून आणायची व्यवस्था लावली, ती गोष्ट फोटोत येत नाही. त्याआधीचा दाखला हवा असेल तर देवराया. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. भीमाशंकरजवळच्या आहुप्याच्या राईत उभं राहून कुणी विचारावं की ही झाडं कोणत्या सालच्या मोहिमेत लावली. कोणीच लावली नाहीत. तोडली नाहीत, इतकंच.

‘‘पण मग आम्ही दूर बसून करायचं काय?’’ हा प्रश्न रास्त आहे, आणि पैसे देण्याची तुमची इच्छा खोटी नाही. आईचं शेवटचं आजारपण व्हिडिओ कॉलवर पाहिलेल्या माणसाला तिच्या नावाचं काहीतरी त्या मातीत असावंसं वाटतं, याची मी थट्टा करणार नाही. म्हणूनच ते काहीतरी मार्चपर्यंत वाळून जाऊ नये. तर लिंक पाठवणाऱ्याला उलट विचारा. ही जमीन कुणाच्या ताब्यात आहे आणि आज तिथे कुणाची जनावरं चरतात? लावायच्या आधी तिथे आपोआप काय उगवत होतं, याची यादी आहे का? २०२१ ला लावलेल्यांपैकी आज किती जिवंत आहेत, आणि ते कुणी मोजलं? पहिला प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, कारण त्याचं उत्तर चुकीचं असेल तर आपल्या वीस युरोंनी एखाद्या धनगरवाड्याचं कुरण कुंपणाआड गेलेलं असतं.

आणि पैसे द्यायचेच तर राखणीला द्या. जानेवारी-फेब्रुवारीत जाळरेषा काढायला माणसं लागतात, त्यांची मजुरी द्या. वणव्याच्या दिवसांत टेकडीवर फिरणाऱ्या गावच्या दोन पोरांचा चार महिन्यांचा पगार द्या, आणि तो एक वर्ष नव्हे, सलग दहा वर्षं. गवत कापून आणणाऱ्यांना आणि शेळ्या दुसरीकडे नेणाऱ्यांना त्यांचं नुकसान भरून द्या. ग्रामसभेने ज्या डोंगरावर सामूहिक वनहक्क मिळवलाय, तिथे हे सगळं गावाच्या हिशेबात लिहिलं जाऊ शकतं. जिथे माती खरोखर उघडी पडली आहे, खाली ना खुंट ना बी, तिथे जरूर लावा, त्याच डोंगराच्या बियांपासून, लहान असतानाच, पिशवीत मूळ वळायच्या आत. अशा जागा आहेत. पण कमी आहेत, आणि गाडी जाईल अशा रस्त्यालगत तर फारच कमी.

यातल्या कशाचाही चांगला फोटो येत नाही, हे मला कबूल आहे. मार्चमधल्या जाळरेषेचा फोटो म्हणजे करपलेल्या गवताचा पट्टा. तुम्हाला कागदावर नाव हवंच असेल तर वनमजुराच्या हजेरीपटाच्या वर तुमच्या आईचं नाव लिहून घ्या, वर्षाच्या खर्चाची प्रत मागा, आणि पुढच्या भारतभेटीत मेमध्ये, ऐन उन्हात, त्या उतारावर जाऊन बघा. जुलैत जाऊ नका. जुलैत सगळंच हिरवं असतं.